दोन दाती गटाचा पंच

“हे कुणी घेतलं?”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पायांत गमबूट तसेच, बाहीवर वाळलेला चिखल, आणि नजर ओट्यावरच्या पितळी चरवीवर. मी ओट्यावर पाय हलवत बसले होते आणि तोंडात खरवसाची भलीमोठी वडी होती, त्यामुळे बोलता येईना. चमचाच स्वतःकडे वळवून दाखवला.

“तू?”

“सोजरमावशी आल्या होत्या,” मी कसंबसं गिळून म्हणाले. “गुलब्याला बहीण झाली ना आज! चीक दिला त्यांनी. मी स्वतः केला खरवस, गूळ घालून, वेलदोडा घालून. जाळी बघ कशी पडलीय! खाऊन तर बघ.”

आईने खाल्ला नाही. ती खुर्चीवर टेकली आणि बूट काढायचे सोडून नुसती बघत राहिली.

“शरू, परवा जत्रेत जनावरांचं प्रदर्शन आहे. पंच कोण आहे?”

“तू.”

“आणि दोन दाती गटात कोण उभं आहे?”

“गुलब्या!” मी आनंदाने ओरडले, आणि ते ओरडणं माझं मलाच अर्ध्यात गिळावं लागलं.

मी तेव्हा सातवीत होते. आई डोंगरहाळीच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघी राहायचो. बाबा नोकरीला नांदेडला, रविवारी आले तर आले. लोकांच्या घरात देवघर असतं, तसे आमच्या घरात वर्तणूक नियम होते. सरकारी कर्मचाऱ्याने काय काय करायचं नाही, त्याचे नियम. हुरडा खायला कुणाच्या शेतावर जायचं नाही. कुणी पाठवलेल्या आंब्याच्या पाटीला हात लावायचा नाही. एकदा औषध कंपनीच्या माणसाने मला टोपी दिली, लालभडक, पुढे वासराचं चित्र असलेली, तर आईने ती परत द्यायला मला त्याच्या मोटारसायकलमागे पळवलं! तो बिचारा आणखीच जोरात निघाला. त्याला वाटलं, कुत्रं लागलं मागे.

“पण मी कुठे सरकारी कर्मचारी आहे?” मी म्हणाले.

“स्वतः किंवा कुटुंबातल्या कुणीही, असं आहे नियमात.”

“माझं नाव आहे?”

“कुटुंब म्हणजे तूच ना गं. दुसरं कोण आहे इथे?”

“अधूनमधून कुणाकडे जेवलं तर चालतं, हे पण तूच सांगितलंस. खरवस म्हणजे जेवणच!”

“ज्याचा निकाल परवा माझ्या हातात आहे, त्याच्याकडचं नाही चालत.”

तिने उरलेला चीक चरवीत तसाच झाकला आणि चरवी उचलली. मी पण निघाले मागोमाग. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सकाळी अंधारात उठून, खांद्यापर्यंत हात घालून आईनेच ते आडवं अडकलेलं वासरू सोडवलं होतं. आणि त्याच वासराच्या वाटणीतला घोटभर चीक आमच्या घरी आला, तर तो गुन्हा!

सोजरमावशींचं अंगण गावाच्या शेवटच्या गल्लीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकी सासरी. घरात दोन गाई आणि गुलब्या. आता गुलब्याचं काय सांगू! देवणी जातीचा वळू, अंग पांढरंशुभ्र, आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे, जसं काही कुणी काजळ घालताना हसवलं आणि ते पसरलं. मी गेले की मान खाली करायचा, कानामागे खाजवून घ्यायला. जत्रेत त्याचा पहिला नंबर आला असता तर आसपासच्या गावांतून लोक गाई घेऊन त्याच्याकडेच आले असते. मावशींनी त्याला त्याच आशेवर वाढवला होता. विकायला माणसं कितीदा आली, पण त्या ऐकेनात.

आईच्या हातात चरवी बघून मावशी उठूनच उभ्या राहिल्या.

“का ओ डॉक्टरीणबाई? फाटला का चीक?”

“नाही. परत द्यायला आलेय.”

“परत?” मावशींनी दोन्ही हात मागे घेतले, जणू चरवीत निखारे होते. “चीक कुणी परत आणतंय का? गाय आटंल की माझी! चीक इकत न्हाईत, परत घेत न्हाईत. वाटायचा असतोय त्यो.”

“सोजरबाई, परवा मी पंच आहे.”

“मग? मी काय लाच दिली का तुमाला? सकाळी हात घालून वासरू काढलात, तवा न्हाई आठवला नेम?”

“ते माझं काम आहे.”

“आन चीक वाटणं माझं काम हाय. अख्ख्या गल्लीत वाटलाय. तुमी तेवड्या निराळ्या का?”

आई चरवी पुढे धरून उभी, मावशी हात मागे बांधून उभ्या, आणि मधे मी. शेजारच्या भिंतीवरून एक डोकं हे सगळं मजेत बघत होतं. शिवमूर्तीअप्पांचा गडी होता तो. शेवटी चरवी तुळशीजवळ ठेवून आई वळली. पाठीमागून मावशी म्हणाल्याच, “लई शिकलेलं माणूस लई अवघड.”

शिवमूर्तीअप्पा म्हणजे आमच्याकडच्या बाजार समितीचे सभापती. जत्रेची कमिटी त्यांची, मांडव त्यांचा, फ्लेक्सवर फोटो त्यांचा; देवाचा फोटो कोपऱ्यात, तोही लहान. आणि त्यांच्या वळूचं नाव होतं कलेक्टर. खरंच! त्याला पाजायची वेळ झाली की अप्पांचा गडी ओरडायचा, “कलेक्टरला पाणी पाजा रे!”

रविवारी सकाळी अप्पा स्वतः दवाखान्यात आले. मी व्हरांड्यात गणितं सोडवत होते, म्हणजे वही उघडी होती आणि कान आत होते.

“मॅडम, कलेक्टरला दोन दाती गटात लिहिलंय,” अप्पा म्हणाले.

“लिहा की. उद्या तोंड उघडून बघू.”

“तोंड कशाला बघता? चाल बघा, वशिंड बघा, कातडी बघा. मागचे डॉक्टर कधी तोंड बघत नव्हते. मालकानं सांगितलं ते वय.”

इथे थोडं सांगायला हवं. गुराचे पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. दुधाचे बारीक दात पडतात आणि मोठे दात जोडीजोडीने येतात. दोन मोठे आले की दोन दाती, चार आले की चार दाती, आणि प्रदर्शनात गट त्यावरूनच ठरतो. कलेक्टर चार दाती होता हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण चार दाती गटात कर्नाटकाच्या हद्दीवरून एक वळू आला होता, डोंगरच तो, त्याच्यापुढे कलेक्टर तलाठी दिसला असता. म्हणून अप्पांना त्याला लहानांत घुसवायचा होता. आमच्या शाळेत दहावीतली पोरं सातवीच्या कबड्डीत घुसतात, तसं.

“मी तोंड बघणार,” आई म्हणाली.

अप्पा हसले. मग त्यांनी दारातून माझ्याकडे बघून विचारलं, “काय गं, खरवस गोड झाला होता म्हणे काल?”

माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

“लेकराला आवडला म्हणे,” अप्पा आईला म्हणाले, अगदी मऊ आवाजात. “आवडणारच. त्यात वाईट काय? फक्त वरच्या साहेबांना कळलं, की पंचाच्या घरी ज्याचा वळू त्याचाच चीक, तर उगं तुमच्या नोकरीला डाग. माझी काय इच्छा नाही तशी. तुम्ही कलेक्टरच्या तोंडात बघू नका, आम्ही तुमच्या तोंडात बघणार नाही. काय?”

मला वाटलं, आता आई उठेल. आता ती अशी काही बोलेल की अप्पांचा फेटा उडेल! आईने समोरची नोंदवही मिटली. मग म्हणाली, “उद्या भेटू मैदानावर.”

अप्पा खूश होऊन गेले. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली. मी ते केस नंतर धुतले.

“तू त्याला हो म्हणालीस!” मी आत जाऊन ओरडले.

“मी हो म्हणाले?”

“नाही पण म्हणाली नाहीस! मी एक टोपी घेतली तर मला गावभर पळवलंस, आणि तो एवढा दरवडा घालायला निघालाय तर तू म्हणतेस भेटू? मैदानावर?”

“शरू, गप जरा. मला फोन करायचाय.”

तिने दार लावून घेतलं. दार लावून! आमच्या घरात बाथरूमशिवाय कुठलं दार कधी लागत नसे. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. तिने काही सांगितलं नाही, आणि मी काही विचारलं नाही. अख्खा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. रात्री ताट तिच्याकडे पाठ करून घेतलं.

सोमवारी मैदान नुसतं फुललं होतं. हलगी कडकडत होती, वळूंच्या शिंगांना तेल, पाठीवर झुली, भज्यांचा धूर, उसाच्या रसाच्या घुंगरांची छनछन. मी रुसलेली होते तरी गेले, कारण गुलब्या. मावशींनी त्याला न्हाऊमाखू घालून असा आणला होता की ऊन त्याच्यावरून घसरत होतं. शेजारी कलेक्टर. दोघांना एकत्र बघूनच कळत होतं, एक बारावीचा आणि एक आठवीचा.

दोन दाती गट पुकारला आणि आईने दवाखान्याच्या लिंबाजीमामांकडून माईक घेतला.

“गट सुरू करायच्या आधी एक सांगायचंय,” ती म्हणाली. हलगी थांबली. “परवा माझ्या घरी सोजरबाईंकडून चीक आला. तो माझ्या घरात खाल्ला गेला. सोजरबाईंचा वळू या गटात आहे. त्यांच्याकडून माझ्या घरात काही यायला नको होतं.”

माझे कान तापले. अप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र जागच्या जागी वाळलं.

“मी हे काल जिल्ह्याच्या साहेबांना फोनवर कळवलं आणि या गटासाठी दुसरा पंच मागितला. दुसरा पंच अजून आलेला नाही. म्हणून या गटाला मी गुण देणार नाही. वय तपासणं मात्र माझं काम आहे, ते करते. ज्यांना बघायचं त्यांनी पुढे यावं.”

बंद दारामागचा फोन! मी बाकड्यावर उभीच राहिले. ती अप्पांची तलवार होती ना, ती आईने स्वतःच म्यानातून काढून सगळ्या गावासमोर ठेवून दिली होती. आता घ्या!

एकेका वळूची वेसण धरून आईने खालचा ओठ दुमडला. लोक वाकून वाकून बघत होते. गुलब्या, दोन मोठे, बाकी दुधाचे. त्याच्या पलीकडचे दोघे, दोन दोन. मग कलेक्टर. त्याच्या गड्याने वेसण सोडायला नकार दिला, तशी गर्दीतून एक म्हातारा ओरडला, “हातच्या काकणाला आरसा कशाला? उघडा की तोंड!” उघडलं. चार दात, पांढरे, रुंद, जात्याच्या पाळीसारखे.

“मोजा,” आई म्हणाली.

गर्दीनेच मोजले. मोठ्याने, एका सुरात, आणि चारला थांबले तेव्हा अर्धं मैदान हसत होतं. “कलेक्टर सस्पेंड!” कुणीतरी म्हणालं.

अप्पा लालबुंद झाले. “चिकाला मिंधी झालेली बाई! त्या सोजरीचा वळू काढायचाय हिला पुढं!”

“चिकाचं मी आत्ताच सांगितलं,” आई म्हणाली. “आणि गुण मी देणारच नाहीये.”

मी अशा टाळ्या वाजवल्या की हात झिणझिणले. बाकीचे गट झाले, ढाली वाटल्या, फेटे बांधले. आणि मग माझ्या लक्षात आलं, की दोन दाती गटातले तीन वळू तसेच उन्हात उभे आहेत.

“डॉक्टरीणबाई,” सोजरमावशी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, “माझ्या वळूचं काय मग?”

“पंच येईपर्यंत थांबू.”

“आन न्हाई आला तर?”

आईने रस्त्याकडे बघितलं. माझ्या टाळ्या कुठल्या कुठे गेल्या. मी तिला मांडवामागे गाठलं.

“हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!”

“चोराला कुठे सोडलं?”

“पण संन्याशाला फाशी झालीच ना! गुलब्या सगळ्यात चांगला आहे. तुला दिसतंय, मला दिसतंय, त्या अप्पाला पण दिसतंय! चीक मी खाल्ला. गुलब्याने काय केलं? मावशींनी काय केलं?”

“काही नाही केलं,” आई म्हणाली. “म्हणून तर परत द्यायला गेले होते.”

ती एवढंच बोलली, आणि तिचा आवाज असा होता की मला आणखी भांडताच येईना. भांडायला समोरचा उभा तरी राहायला हवा!

दुपार कलली तेव्हा जिल्ह्याचे साहेब आले. अप्पांच्या पांढऱ्या गाडीतून उतरले. हलगी पुन्हा कडकडली. साहेबांना स्टेजवर नेलं, फेटा बांधला, नारळ दिला, आणि अप्पांनी स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगावर शाल पांघरली. गडद जांभळी, जरीच्या काठाची, भारीतली. साहेबांनी ती दोन्ही खांद्यांवर नीट बसवून घेतली, फोटोसाठी.

मग ते आईला स्टेजवरच बाजूला घेऊन बोलू लागले. मी आईला चिकटूनच होते.

“मॅडम, हे माईकवर सांगायची काय गरज होती? मी फोनवर म्हटलं होतं ना, तुम्हीच उरकून टाका. दुसरा पंच कुठून आणू मी? आणि चिकाचं कोण विचारतंय हो! एवढं कोणी मनावर घेतं का?”

“अप्पांनी मला विचारलं होतं साहेब. तेच विचारलं होतं.”

“बरं, बरं. आता मी आलोय ना. मिटवतो.”

साहेब स्वतः पशुवैद्य. पंच व्हायचा त्यांना अधिकार होता. त्यांनी माईक घेतला, वळूंवरून, पुन्हा आणून उभ्या केलेल्या कलेक्टरवरूनही, एकदा नजर फिरवली, आणि असे हसले, जणू आता लग्नच लावतायत.

“डोंगरहाळीकरांनो, जत्रेत वाद नको. दोन्ही जनावरं देखणी आहेत. दोन दाती गटाचा पहिला क्रमांक विभागून देतो. कलेक्टर आणि गुलब्या!”

टाळ्या! हलगी! अप्पांनी फेटा सावरला. आणि खरं सांगते, मी पण टाळ्या वाजवल्या. गुलब्या पहिला! मी मावशींकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या, पण त्यांचा हात गुलब्याच्या मानेवर गेला होता आणि तिथेच थांबला होता.

“साहेब, कलेक्टर चार दाती आहे,” आई म्हणाली.

“मॅडम, दातांचं थोडं इकडंतिकडं चालतं.”

लिंबाजीमामा ढाल आणायला निघाले होते. मी गप्प बसले असते तर ती ढाल गुलब्याच्या नावाने मिळाली असती. अर्धी तर अर्धी. पण माझ्या डोळ्यांसमोर ती शाल होती. साहेब हात हलवत होते आणि तिचे जरीचे काठ उन्हात नुसते चमकत होते.

“साहेब,” मी म्हणाले, “ही शाल कुणी दिली?”

माईक चालूच होता. माझा आवाज मैदानभर गेला, मलाच दचकायला झालं.

“अप्पांनी दिली बाळ,” साहेब कौतुकाने म्हणाले. “का गं?”

“अप्पांचा वळू या गटात आहे. मग तुम्हाला पण गुण देता येणार नाहीत.”

भज्यांच्या गाड्यावरची माणसंही स्टेजकडे वळली.

“आमच्याकडे चीक आला म्हणून आई पंच नाही,” मी म्हणाले. आता थांबताच येईना, बैलगाडी उताराला लागावी तसं. “तो तर आम्ही परत पण द्यायला गेलो होतो. तुमची शाल तर तुमच्या अंगावर आहे!”

“अगं, हा सत्कार आहे. सत्कार वेगळा.”

“नियमात कुठे लिहिलंय वेगळा म्हणून?”

साहेबांनी आईकडे बघितलं. म्हणजे, आवरा तुमच्या मुलीला. मी पण वाटच बघत होते, आता ‘शरू, गप’ येणार. आई माझ्याकडे बघतच नव्हती. ती हळू आवाजात म्हणाली, “सत्काराचंही लिहिलंय, साहेब. परवानगीशिवाय घ्यायचा नाही.”

साहेबांनी शाल काढली आणि घडी न घालता खुर्चीवर टाकली. “हं. आता झालं?”

“काढून काय उपेग?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. “घेतली तवा घेतली!”

“आन गाडी बी अप्पाचीच हाय की!” दुसरा म्हणाला.

“फेटा ठिवलाव का डोस्क्यावर?”

मग जे हसू फुटलं! साहेबांचा चेहरा शालीच्या रंगाचा झाला. त्यांनी माईक तोंडाशी नेला आणि कागदावरचं वाचावं तसं म्हणाले, “दोन दाती गटाचा निकाल राखून ठेवण्यात येत आहे.” आणि उतरले. गेले ते पांढऱ्या गाडीतूनच, अप्पांच्या मळ्यावर, जेवायला. आदल्या दिवसापासून तिथे मटणाची तयारी होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

लोक पांगायला लागले, तेव्हा कुठे मला समजलं मी काय केलं ते. मी मावशींकडे गेले. त्यांनी गुलब्याची झूल काढून खांद्यावर घेतली होती.

“हातात आला हुता नंबर,” त्या म्हणाल्या. “तू घालवलास.”

“मावशी, तो विभागून होता. चार दातीच्या शेजारी…”

“मला कळतंय कसला हुता ते. मला नको शिकवू. तुमच्या घरात नेम, नेम, नेम. आन सकाळधरनं पाण्याइना माझं जनावर उबारलंय. त्येला काय म्हाईत तुमचा नेम?”

आई मागून आली. “सोजरबाई, राग आला असेल.”

“आलाय की. येनार न्हाई का?” मावशींनी पदराने कपाळ पुसलं. “बरोबर केलात तुमी दोगींनी. आन मला राग बी आलाय. दोनी हाय. आता एक काडून दुसरं ठिवा म्हनू नका.”



हे होऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर आईला लेखी ताकीद आली, चीक स्वीकारल्याबद्दल; आईने ती वाचली, सही केली आणि ‘बरोबर आहे’ म्हणाली, आणि मी त्या दिवशी घरातली दोन पातेली आपटली. जूनमध्ये तिची बदली झाली. साहेबांना ताकीद आली नाही. साहेब आता आणखी वरचे साहेब आहेत. ती शाल कुणी वापरतं का, थंडीत उबदार आहे का, मला खरंच विचारायचंय.

पण त्या दुपारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. मावशींनी गुलब्याचा कासरा माझ्या पुढे केला.

“धर. माझे पाय गळालेत. घरापातुर चल घिऊन, तेवडं तरी कर.”

मी धरला. तो आधी पाणी प्यायला, हौदावर, भरपूर. मग आम्ही जत्रेतून निघालो, पुढे मी आणि गुलब्या, मागे मावशी, त्यांच्या मागे आई. ढाली घेतलेले वळू वाजतगाजत चालले होते आणि आमच्यापुढे काहीच वाजत नव्हतं. तरी लोक बाजूला होत होते. पाळण्यातली पोरं वरून बोटं दाखवत होती. रसाच्या गुऱ्हाळापाशी बाहेरगावची माणसं उभी होती, त्यांना इकडचं काही ठाऊक नसावं. त्यांतला एक गुलब्याला वरपासून खालपर्यंत बघत राहिला आणि मावशींना म्हणाला, “काय जनावर हाय ओ! कितवा नंबर आला?”

“हिला इचारा,” मावशी म्हणाल्या.

मी कासरा घट्ट धरला आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “नंबर नाही आला! एवढ्या मोठ्या जत्रेत पंचच मिळाला नाही!”